दार कुणाचं, भिंत कुणाची

उत्तर लंडनमधल्या एका जुन्या काउन्सिल (म्हणजे पालिकेच्या) इमारतीत एका मराठी जोडप्याने सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. सगळ्यात आधी बायकोला खटकलं ते दार. जड, रंग उडालेलं आणि हात सोडला की धाडकन आपटणारं. तान्ह्या मुलाची झोप दर वेळी मोडायची. महिनाभरात ते दार निघालं, काचेची तावदानं असलेलं नवं आलं, त्याला पितळी कडी लागली, वर तोरण बांधलं गेलं. त्याच ठेकेदाराने स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीमधली भिंतही पाडून दिली. भिंतीचं काम काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलचा निरीक्षक पाहून गेला, प्रमाणपत्र आलं. काउन्सिलने पाहिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं दोघं धरून चालले.

घर विकायला काढलं तेव्हा घेणाऱ्याच्या सॉलिसिटरने एकच कागद मागितला: भिंत पाडायला घरमालकाने दिलेली लेखी संमती. तो कागद नव्हताच. त्याच सुमाराला हाउसिंग विभागाचं पत्र आलं की दार आगरोधक नाही, बदला. घेणारा तीन महिने थांबला आणि निघून गेला.

तिची चूक कुठे झाली हे कळायला या घरांचा इतिहास पाहावा लागतो. १९८० च्या हाउसिंग कायद्याने काउन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर विकत घ्यायचा हक्क दिला. फ्लॅट असेल तर सहसा १२५ वर्षांचं लीज मिळतं. पुढे त्या फ्लॅटने कितीही हात बदलले तरी इमारत, तिचा सांगाडा, जिने, गच्ची काउन्सिलचीच राहते. म्हणजे काउन्सिल एकीकडे बांधकाम नियमांची राखणदार आणि दुसरीकडे लीज देणारी घरमालक. बिल्डिंग कंट्रोल काम नियमात बसतं का एवढंच पाहतं. लीजप्रमाणे संमती देणं हाउसिंग विभागाचं काम, आणि प्लॅनिंगची परवानगी लागलीच तर ते तिसरं टेबल. एका टेबलावरची सही दुसऱ्यावर चालत नाही. आता तर निदान १८ मीटर उंच किंवा निदान सात मजली निवासी इमारतींतल्या अशा कामांची तपासणीही काउन्सिलकडे राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२३ पासून ती बिल्डिंग सेफ्टी रेग्युलेटरकडे गेली आहे.

दारावरून एवढा गहजब कशाला, असं तिलाही वाटलं होतं. उत्तर लंडनमधल्याच दोन आगींत आहे. ३ जुलै २००९ ला कॅम्बरवेलमधल्या लॅकनल हाउस या चौदा मजली इमारतीला आग लागली. सहा जण गेले, त्यांत तीन मुलं. १४ जून २०१७ च्या पहाटे ग्रेनफेल टॉवर पेटला आणि ७२ माणसं गेली. ग्रेनफेलच्या चौकशीने बाहेरच्या आवरणाला मुख्य दोष दिला, पण आणखी एक गोष्टही नोंदवली: अनेक फ्लॅटची दारं धूर अडवू शकली नाहीत, कारण ती आपोआप बंद होत नव्हती. घाबरलेला माणूस पळताना मागे वळून दार लावत नाही. त्याच्या घरातला धूर मग जिन्यात भरतो, आणि वरच्या मजल्यांवरच्यांना तोच एक जिना असतो. म्हणून फ्लॅटच्या दाराने निदान तीस मिनिटं आग अडवावी अशी अपेक्षा असते. २३ जानेवारी २०२३ पासून इंग्लंडमध्ये ११ मीटरहून उंच इमारतींतली फ्लॅटची दारं दरवर्षी तपासण्याचा कसोशीने प्रयत्न करणं इमारतीच्या जबाबदार यंत्रणेला बंधनकारक आहे. तपासनीस आला तर त्याला दार उघडून दाखवावं.

भिंतीचं महत्त्व समजायला तिला लंडनचं उदाहरण लागलं नाही. ती मूळची ठाण्याची. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली इमारत कोसळून १७ जण गेले आणि तळमजल्यावरच्या फेरबदलांकडे बोट दाखवलं गेलं, ती बातमी तिने वाचली होती. लंडनची आठवण त्याहून जुनी. १६ मे १९६८ ला रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, काँक्रीटची एक भिंत सुटली आणि इमारतीचा अख्खा कोपरा खाली आला. चार जण गेले. अशा इमारतींत भिंत हाच खांब असतो. भिंतीला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्यावा, आणि इमारत २००० सालाच्या आधीची असेल तर ॲस्बेस्टॉसचीही तपासणी करून घ्यावी.

पैशांची बाजू तिने सगळ्यात उशिरा पाहिली. छप्पर आणि सामाईक दारांच्या कामाची ‘सेक्शन २०’ची नोटीस सर्व्हिस चार्जच्या कागदांत तशीच पडून होती. ही पत्रं रुक्ष असतात, पण ती बाजूला टाकणं महागात पडतं. एका लीजहोल्डरच्या वाट्याला २५० पौंडांहून जास्त खर्च येणार असेल तर १९८५ च्या कायद्याप्रमाणे आधी विचारणा करावी लागते आणि हरकती मांडायला ३० दिवस मिळतात. अंदाजपत्रकं आल्यावर पुन्हा ३० दिवस. त्या मुदतीत लेखी प्रश्न विचारावेत: काम आत्ताच का, दर असे का. बिल अवाजवी वाटलं तर ट्रायब्युनलकडे जाता येतं. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याचं संरक्षण मात्र गृहीत धरू नये. ते साधारणपणे १९९२ ते २०२२ मधल्या बांधकामातून किंवा दुरुस्तीतून आलेल्या दोषांना आहे. साठच्या दशकातल्या इमारतीच्या मूळ दोषांना नाही.

शेवटी तिने इंजिनिअरचा अहवाल, नकाशे आणि शुल्क भरून मागाहून संमती मिळवली. लीजमध्ये ‘संमतीने’ असा शब्द होता म्हणून ते जमलं. सरसकट बंदी असती तर कदाचित भिंत पुन्हा बांधावी लागली असती.

नवं आगरोधक दार बसवायला आलेल्या कारागिराला तिने मुलाच्या झोपेची जुनी गोष्ट सांगितली. त्याने दार आपोआप लावणाऱ्या क्लोजरवरचे दोन बारीक स्क्रू दाखवले, पेचकसने थोडे फिरवले आणि दार सोडलं. ते हळूच येऊन बसलं. असे स्क्रू जुन्या दाराच्या क्लोजरलाही होते.