उरकलेली दीक्षा

चि. निखिल,

काल वहिनीचा फोन आला होता. पुढच्या वर्षी तुमच्या फ्रीमेसनांच्या लॉजमध्ये मास्टरच्या खुर्चीवर तू बसणार, हे तिने कौतुकाने सांगितलं. त्याच दमात हेही सांगितलं की सहा उमेदवारांची दीक्षा एकाच संध्याकाळी उरकायचा प्रस्ताव तू मांडणार आहेस. विधी एकावरच करायचा, बाकीच्या पाचांनी खुर्चीवर बसून पाहायचं, सगळं मोबाइलवरून वाचायचं आणि साडेआठला जेवायला बसायचं. पहिल्या बातमीचा आनंद दुसरीने पार घालवला. तुझ्या आजोबांपासून तुझ्यापर्यंत या घरात तीन पिढ्या फ्रीमेसन झाल्या, आणि बायकांना तिथे प्रवेश नाही. तेव्हा यातलं आत्याला काय कळतं, असं तुझ्या मनात येणारच. येऊ दे. पण पत्र शेवटपर्यंत वाच.

तुमच्या विधीत गुपित म्हणावं असं फारसं उरलेलंच नाही. १७३० साली लंडनमध्ये सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या गृहस्थाने ‘मेसनरी डिसेक्टेड’ ही पुस्तिका छापली आणि दीक्षेतली प्रश्नोत्तरं चव्हाट्यावर आणली. पुस्तिका हातोहात खपली. विधीचं मोल त्याच्या गुप्ततेत असतं, तर फ्रीमेसनरीचा बाजार तेव्हाच उठायला हवा होता. उलट त्यानंतरच्या काळात ती जगभर पसरली, आणि आत काय होतं हे वाचता येत असतानाही माणसं आत जात राहिली. याचा अर्थ मी असा लावते, की विधीतून जे मिळतं ते माहितीच्या रूपात देता येत नाही. ते प्रत्येकाच्या बाबतीत घडावं लागतं. आणि तसं असेल, तर दुसऱ्याची दीक्षा पाहून स्वतः दीक्षित होणं म्हणजे एकाने जेवायचं आणि पाचांनी ढेकर द्यायची.

तुझ्याच परंपरेतलं एक उदाहरण घे. इंग्लिश पद्धतीच्या पहिल्या डिग्रीत, म्हणजे दीक्षेच्या पहिल्या पायरीत, उमेदवाराच्या अंगावरचे पैसे, अंगठी, घड्याळ, धातूचं म्हणून जे जे असेल ते आधीच काढून घेतात. डोळ्यांवर पट्टी, एक पाय गुडघ्यापर्यंत उघडा, एका पायात सपात. संस्थानिक असो की कारकून, वेष तोच. पुढे शपथ होते, पट्टी निघते, आणि त्याला लॉजच्या ईशान्य कोपऱ्यात उभं करून सगळ्यांसमोर विचारतात, धर्मादायासाठी काय देतोस? खिशात तर काहीच नाही. दोन क्षण तो चाचपडतो, ओशाळतो आणि ‘देण्यासारखं काही नाही’ असं कबूल करतो. मग त्याला सांगतात, की अडचणीतला माणूस दारात आला तर हा क्षण आठव. सबंध संध्याकाळचा माझ्या मते हा सर्वांत मोलाचा भाग. दानधर्मावर तासभर भाषण दिलंस तरी रित्या खिशाचा तो ओशाळेपणा त्यात उतरणार नाही. आता तूच सांग, खुर्चीवर बसलेल्या त्या पाचांना हा प्रश्न कोण विचारणार? त्यांच्या खिशात पाकीट असेल आणि हातात मोबाइल.

तू अमेरिकेचा दाखला देशील. तिथे १९९० नंतर एका दिवसात तिन्ही डिग्र्या देण्याची प्रथा अनेक राज्यांत आली. ओहायोत २००२ साली एका दिवसात सात हजारांवर नवे सभासद करून घेतले. एक जण विधीतून जातो, बाकीचे पाहतात, हा तुझाच नमुना. तिथल्या सभासदांची संख्या १९५९च्या सुमारास ४१ लाखांच्या घरात होती, ती आज दहा लाखांच्याही खाली आहे. ही घसरण या प्रथेने आली असं मी म्हणणार नाही, कारण ती आधीच सुरू झाली होती, आणि तिच्यावर उपाय म्हणूनच हा मार्ग काढला गेला. माझं म्हणणं इतकंच, की उपायानेही ती थांबली नाही. आत येणं सोपं केल्याने माणसं आत आली असतील, पण टिकण्याचं कारण त्यांना त्यातून मिळालं नाही. सहा नावं पटावर चढवणं वेगळं आणि सहा माणसं लॉजची होणं वेगळं.

यावर तू उलटा प्रश्न टाकशील, की म्हणजे दीक्षा जितकी कडक तितकं नातं घट्ट, असंच ना? मग हॉस्टेलमधलं रॅगिंग काय वाईट? हा आक्षेप मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. १९५९ साली अ‍ॅरन्सन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात घेण्यापूर्वी लाजिरवाणा मजकूर मोठ्याने वाचायला लावला, काहींना सौम्य मजकूर दिला, तर काहींना तसंच आत घेतलं. चर्चा मुद्दामच कंटाळवाणी ठेवली होती. तरी जिला जास्त लाजवलं, तिला ती चर्चा जास्त चांगली वाटली. सोसण्याने माणूस बांधला जातो हे यातून दिसतं, पण कशाला बांधला जातो? एका टाकाऊ गोष्टीला. आपण उगाच सोसलं हे मान्य करणं जड जातं, म्हणून ‘मोलाचं होतं’ असं मन स्वतःला पटवतं, आणि रॅगिंग सोसलेला विद्यार्थीच पुढच्या वर्षी धाकट्यांना छळायला उभा राहतो. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला तो काही उगाच नाही. म्हणून वेदना हा विधीच्या खरेपणाचा पुरावा मी मानत नाही. तुमच्या इंग्लंडच्या ग्रँड लॉजनेही १९८६ साली शपथेतले देहदंडाचे भयानक उल्लेख काढून टाकले. ते गेले म्हणून विधी पोकळ झाला नाही. ईशान्य कोपरा शाबूत राहिला.

तेव्हा लांबी आणि कष्ट दोन्ही बाजूला ठेव. वारकऱ्याची माळ बघ. तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात आणि जुन्याजाणत्या वारकऱ्याच्या हातून ती गळ्यात घेतात. ना खर्च, ना अंधार, ना पट्टी, थोडक्या वेळात सगळं होतं. पण मांस-मद्य सुटतं, एकादशी धरायची असते, पंढरीची वारी चुकवायची नसते. माळ प्रत्येकाच्या गळ्यात वेगळी पडते, आणि ती घालणाऱ्याला समोरच्याकडे बघावंच लागतं. विधीला एवढं पुरतं. एका माणसाकडून सर्वांदेखत काहीतरी मागितलं जावं, आणि मागणाऱ्यांनी स्वतः ते पाळलेलं असावं. तुला वेळ वाचवायचा असेल तर भाषणं काप, सत्कार काप, जेवणातले दोन पदार्थ कमी कर. प्रत्येकाला विचारायचा तो प्रश्न तेवढा कापू नकोस. आमच्या पिढीने मुलांच्या मुंजी हॉलच्या वेळेत बसवल्या, भटजींना ‘जरा आटपतं घ्या’ म्हटलं, आणि आज आम्हीच तक्रार करतो की मुलांना त्याचं काही वाटत नाही. वाटावं असं आम्ही त्यात ठेवलंच कुठे होतं?

विधीच्या पाठांतराचंही तसंच. तुला ते ओझं वाटतं, पण नवख्याच्या बाजूने विचार कर. डोळ्यांवर पट्टी असताना ज्याचा आवाज त्याला ऐकू येतो, तो माणूस आपल्यासाठी महिनोन्महिने ते शब्द घोकून आला आहे, हे त्याला पुढे कधीतरी कळतं. दीक्षेच्या रात्री परीक्षा उमेदवाराची होते असं सगळे समजतात. मला वाटतं, खरी परीक्षा तुम्हा जुन्यांची असते. मोबाइलवरून वाचलंस तर शब्द तेच राहतील, पण ‘तू येणार म्हणून आम्ही तयारी केली’ हा निरोप त्यातून निघून जाईल.

आता राहिला तुझा शेवटचा आक्षेप, की जिला दारातच अडवलं ती दाराची बाजू का घेते? मुंबईचे माणेकजी करसेटजी आठव. पारशी म्हणून इथल्या गोऱ्या लॉजने त्यांना आत घेतलं नाही, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. परत आल्यावरही मुंबईचं दार बंदच होतं. अखेर जेम्स बर्न्स नावाच्या फ्रीमेसनने १८४३ साली भारतीय लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं. वगळलं जाण्याचा अपमान होता म्हणून माणेकजींनी विधीलाच खोटं ठरवलं नाही. दार अन्यायाने बंद असणं आणि आतली गोष्ट मोलाची असणं, या दोन्ही बाबी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. याच माणेकजींनी १८६३ साली अलेक्झांड्रा शाळा काढून मुलींसाठीही एक दार उघडलं. बायकांविषयीचा तुमचा नियम मला पटत नाही, हे तुला माहीत आहे, आणि तू मास्टर झालास की त्यावरही मी तुझ्याशी भांडेन. पण ज्या दारासाठी माणसं इतकी झगडली, त्यातून पाच जणांना खुर्चीसकट आत सरकवू नकोस.

फार बोलले. तू आळसाने हे ठरवलंस असं मला मुळीच वाटत नाही. दादा गेल्यापासून ऑफिस, वहिनीचं डॉक्टर आणि लॉज, सगळं तू एकटा ओढतो आहेस. सहा जणांसाठी सहा संध्याकाळी कुठून आणायच्या, हा तुझा प्रश्न खरा आहे. मग दोन-दोन जण घे, उरलेले पुढच्या वर्षी. ते थांबतील. जे थांबणार नाहीत ते राहणारही नव्हते. काही भाग लॉजमधल्या ज्येष्ठांना वाटून दे. कोणी मागितल्याशिवाय पुढे येत नाही, आणि तुला मागायचा संकोच, तो थेट दादाचा. वहिनीला दर महिन्याचे चार दिवस माझ्याकडे पाठव, तेवढीच तुला उसंत. आणि रात्री पाठ म्हणून दाखवायला कोणी नसेल तर मला फोन कर. गुप्त शब्द तेवढे गाळ, बाकी मी ऐकेन. अडखळलास तर हसणार नाही.

जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझी,
आत्या