ठाण्यातली नोंद आणि आपण

मी अवधपुरीत राहते आणि भोपाळच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. भेल कारखान्यातल्या नोकरीसाठी विदर्भातून आलेल्या घरांची तिसरी पिढी आता इथे नांदते आहे, त्यामुळे संध्याकाळी घरी येणाऱ्या पक्षकारांत मराठी माणसंही असतात. बहुतेकांच्या बोलण्यात एकच काळजी असते: पोलिसांकडे माझ्याबद्दल काय लिहिलंय, आणि त्यांना ते लिहिता येतं का? या प्रश्नाच्या मागे लागून जे शिकले ते सांगते.

१. नोंद करायलाही कायद्याचा आधार लागतो.

या विषयावरचा देशातला एक मोठा निकाल आपल्याच राज्यातला आहे, हे इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, मार्च १९७५. गोविंदची तक्रार अशी होती की खोट्या प्रकरणांच्या आधारावर पोलिसांनी आपली हिस्ट्रीशीट उघडली, आपल्याला निगराणीत घातलं आणि दिवसा-रात्री केव्हाही ते घरी येतात. पोलिसांचा आधार होता पोलीस नियमावलीतल्या ८५५ आणि ८५६ या कलमांचा. शिक्षा झालेली नसली तरी माणूस गुन्हेगारीचं आयुष्य जगायच्याच तयारीत आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर त्याचं नाव निगराणीच्या रजिस्टरात घालता येत असे. मग त्याची मिळकत, खर्च, संगत यांची चौकशी, घरावर गुप्त पहारा, आणि गावचा पटेल, मुकद्दम, कोटवार यांनी त्याच्या येण्याजाण्याची वर्दी द्यायची.

सर्वोच्च न्यायालयात न्या. मॅथ्यू यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. पण निकाल तेवढ्यावर थांबत नाही. खासगीपणाचा हक्क घटनेत असू शकतो हे मानून न्यायालयाने या नियमांना आवळलं: समाजाच्या सुरक्षिततेला ज्याच्यापासून स्पष्ट धोका आहे त्याच्यापुरतेच ते वापरायचे, आणि हे जुने नियम घटनाबाह्यतेच्या अगदी काठावर उभे आहेत, सरकारने ते तपासून घ्यावेत. हरलेल्या माणसाच्या याचिकेतून पुढच्यांना एवढं मोठं हत्यार मिळालं. १९८० च्या मलक सिंग निकालाने सांगितलं की नुसता संशय पुरत नाही, सराईतपणाबद्दल वाजवी कारण हवं, आणि निगराणी माणसाचं जगणं मुश्कील करणारी नसावी. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने म्हटलं, तेव्हा गोविंदच्या निकालात अर्धवट राहिलेलं पूर्ण झालं. आजही निगराणीचं प्रकरण आलं की मी आधी हे तीन निकाल टेबलावर ठेवते. नोंदीचा हुकूम कोणी काढला, कोणत्या माहितीवर काढला आणि शेवटचा आढावा कधी घेतला, हे तीन प्रश्न त्यांतूनच निघतात.

२. जात पाहून संशय घेणं हा बेकायदेशीरपणा आहे, आणि तसं मोठ्याने म्हणावं लागतं.

भोपाळच्या पारधी वस्तीतल्या बायका माझ्याकडे येतात. शहरात कुठे घरफोडी झाली की आधी त्यांची पोरं उचलली जातात. एकीने विचारलं, ‘‘दीदी, इसका नाम इसके बाप की वजह से लिखा है क्या?’’ त्या बाईला मला हसतमुखाने धीर देता आला नाही, कारण तिचा अंदाज खरा असण्याची शक्यता दाट होती. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. जन्मावरून गुन्हेगार ठरवायची सवय मात्र ठाण्याच्या कपाटांतून निघाली नाही. महाराष्ट्रातल्या फासेपारध्यांच्या वाट्याला येतं तेच इथेही येतं.

म्हणून ७ मे २०२४ चा अमानतुल्ला खान निकाल मला फार मोलाचा वाटतो. त्या प्रकरणात दिल्ली पोलिसांनी हिस्ट्रीशीटबद्दलचा आपला आदेश बदलून मान्य केलं की हिस्ट्रीशीट हा अंतर्गत दस्तऐवज आहे, तो लोकांत फिरवायचा नाही. गुन्हेगाराला आसरा दिल्याचा पुरावा असल्याशिवाय घरातल्या अल्पवयीन मुलांचा तपशील त्यात लिहायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने मागास आणि वंचित समाजांतल्या निरपराधांची नावं केवळ पूर्वग्रहातून अशा नोंदींत येतात याची दखल घेतली आणि सगळ्या राज्यांना आपापली धोरणं पुन्हा तपासायला सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगातल्या जातिभेदाचा निकाल देताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी अमानतुल्ला खान निकाल पाळावा असंही बजावलं गेलं. हे दोन्ही निकाल मी अर्जाला जोडते. ठाण्यातल्या कोणी ते वाचले नव्हते असं उत्तर मिळालं, तर पुढचा अर्ज वरिष्ठांकडे जातो.

३. खबर आधी कागदावर यायला हवी.

खबरी कोण, हे पोलिसांनी सांगावं असा आग्रह धरू नये. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३१ त्यांना तसं संरक्षण देतं, आणि खबऱ्याच्या जिवाचा विचार केला तर ते योग्यच आहे. पण खबर आली केव्हा, लिहिली केव्हा आणि वर कळवली केव्हा, हे विचारता येतं. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ४२ प्रमाणे खबर लेखी उतरवून ७२ तासांत वरिष्ठाकडे तिची प्रत पाठवावी लागते. मुंबईतल्या चकमकींवरून पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने लढलेल्या खटल्यात, सप्टेंबर २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यासंबंधीच्या हालचालींची खबर केस डायरीत किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदवायला सांगितलं, संशयिताचा तपशील उघड न करता का होईना. उलटतपासात मी वेळेवर बोट ठेवते. छाप्यानंतर लिहिलेली खबर बहुधा तिथेच उघडी पडते.

४. फोन ऐकायला ठाणेदाराची मर्जी पुरत नाही.

राज्यात फोन ऐकण्याचा हुकूम गृहसचिवाच्या पातळीवरून यावा लागतो, आणि तो आढावा समितीपुढे तपासला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ च्या विनीत कुमार प्रकरणात असे हुकूम बेकायदेशीर ठरवून ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली. लाचेचा आरोप असला तरी सार्वजनिक सुरक्षिततेचं कारण त्यात दिसत नव्हतं.

५. भाडेकरूची माहिती द्या, पण पोचपावती घ्या.

अवधपुरीत घरोघरी शिकणारी किंवा नोकरीला लागलेली मुलं भाड्याने राहतात, त्यामुळे हा रोजचा विषय. पडताळणीचा आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) निघतो. तो एका वेळी दोन महिन्यांपुरता असतो. राज्य सरकार तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. म्हणून चालू आदेश बघून घ्यावा. आधारच्या प्रतीवर ‘भाडेकरू पडताळणीसाठी’ असं लिहून तारीख आणि सही करावी. भाडेकरूची जात, आहार, कोण भेटायला येतं, हे घरमालकाने आपणहून लिहून देऊ नये. ती तुमची जबाबदारी नाही.

६. एफआयआरची प्रत विनामूल्य आहे.

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ फिर्यादी आणि पीडित यांच्यासाठी तसं सांगतं. संवेदनशील प्रकरणं सोडून ती २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेशही आहे. तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवणं आता संहितेतच बंधनकारक आहे. विचारायला लाजू नये.

७. नोंद पुसण्याचाही मार्ग असतो.

बालपणी कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाचं प्रकरण निकाली निघालं असेल तर चारित्र्य दाखल्यासाठी त्याची नोंद पोलिसांनी कोणाला सांगायची नाही, असं बाल न्याय कायद्याचं कलम ७४ म्हणतं. नोकरीच्या तोंडावर एखाद्या पोराच्या घरात ही एक ओळ केवढा उजेड पाडते, ते मी पाहिलं आहे.

मोठ्यांसाठी २०२२ चा ओळख कायदा आहे. बोटांचे ठसे, फोटो, डोळ्यांच्या बुबुळांचं स्कॅन, जैविक नमुने, सह्यासुद्धा त्याखाली घेता येतात आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ते पंचाहत्तर वर्षं ठेवू शकतो. मात्र पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर कायदेशीर उपाय संपल्यावर हे नमुने नष्ट करायचे असतात. न्यायालयाने लेखी कारण देऊन थांबवलं तरच ते राहतात. निर्दोष सुटल्याच्या आनंदात लोक हे विसरतात. मी निकालाची प्रत हातात येताच राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज तयार करते आणि पक्षकाराला सही करूनच घरी पाठवते.