द्वेष जन्मतो की शिकविला जातो?

आजच्या अभ्यासासाठी एक अमेरिकन संगीत नाटक घेऊ. नाव ‘साउथ पॅसिफिक’. ७ एप्रिल १९४९ रोजी ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे, पदे ऑस्कर हॅमरस्टाइन यांची.

दुसऱ्या महायुद्धातील एक बेट. नेली ही आर्कान्सास राज्यातील गोरी परिचारिका. तिचे ज्या फ्रेंच मळेवाल्यावर प्रेम, त्याची वारलेली पत्नी पॉलिनेशियन होती, हे कळताच ती मागे फिरते. लेफ्टनंट केबलचे प्रेम लियाटवर; ती टोंकिनची, म्हणजे व्हिएतनामच्या उत्तर भागातली. लग्नाला मात्र तो नकार देतो. नेली म्हणते, ही भावना माझ्यात जन्मतःच आहे. केबल पदातून उत्तर देतो: जन्मतः काही नसते, भय आणि द्वेष लहानपणीच आपल्या माणसांकडून मनात भरविले जातात. पहिलीच्या वर्गावर शिकविणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही.

एवढेसे पद, पण झोंबले! ते गाळा, असा सल्ला मिळाला. दोघांनी मानला नाही. १९५३ साली अटलांटा येथील प्रयोगानंतर जॉर्जियाच्या आमदारांनी, हे पद मिश्रविवाहाचे समर्थन करते, म्हणून अशा नाटकांविरुद्ध विधेयक आणले. त्या काळी अमेरिकेतील अनेक राज्यांत गोऱ्या-काळ्यांचा विवाह गुन्हाच होता. ते कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. केबल युद्धात मरतो, नेली मळेवाल्याच्या मुलांपाशी परतते. पण लियाटच्या तोंडी एकही पद नाही. तिचे म्हणणे तिची आईच सांगते.