कृष्णामाईचे खोरे : भूगोल व परिचय

श्रीक्षेत्र महाबळेश्वरी येणारे भाविक पंचगंगा मंदिरातील गोमुखाचे तीर्थ घेऊन कृतार्थ होतात. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान येथे मानले जाते. हिमालयात भागीरथी जेथून प्रकट होते, त्या स्थानासही गोमुख असेच नाव आहे. नाव एकच असले तरी दोन्ही खोऱ्यांची घडण मात्र सर्वस्वी भिन्न आहे.

भागीरथी सुमारे ३० कि.मी. लांबीच्या गंगोत्री हिमनदीतून निघते. हिमनदी पुढे सरकताना दरीचा तळ व दोन्ही बाजू खरवडते. त्यामुळे अशी दरी रुंद तळाची व उभ्या कडांची होते. सह्याद्रीतील दऱ्या बर्फाने नव्हे, तर पावसाच्या व नद्यांच्या पाण्याने कोरल्या आहेत. म्हणून त्या वर रुंद व उगमाजवळ तळाशी अरुंद दिसतात.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून येथील काळा पाषाण तयार झाला. डोंगरउतारावर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे हेच थर होत. सुमारे १,३७० मीटर उंचीच्या महाबळेश्वरच्या माथ्यावर मात्र तांबडा जांभा आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या चिकण थरावर व कातळावर अडते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पावसाळा सरल्यावरही डोंगरमाथ्यावर झरे वाहतात, त्याचे रहस्य हेच होय.

महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे वाईच्या बाजूस उतरताच तो झपाट्याने कमी होतो आणि माण-खटाव भागात जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. या कोरड्या मुलखास डोंगरमाथ्यावरून येणाऱ्या पाण्याचाच आधार आहे.

सावित्री पश्चिमेस कोकणात उतरून अरबी समुद्रास मिळते. कृष्णा धोम धरणातून वाईस येते. वेण्णा तिला संगम माहुली येथे मिळते. कोयना प्रथम दक्षिणेस वाहते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस भेटते. पुढे सांगलीजवळ हरिपूर येथे वारणेचा संगम होतो. सुमारे १,४०० कि.मी. प्रवास करून कृष्णा बंगालच्या उपसागरास मिळते.

डोंगर व नदीकाठ यांचे नाते किती निकटचे आहे, याचा प्रत्यय जुलै २०२१ मध्ये आला. महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर व मिरगाव येथे दरडी कोसळून मनुष्यहानी झाली आणि सांगली शहरात कृष्णेचा पूर शिरला. उतारावरील झाडे व गवत माती धरून ठेवतात आणि पाणी मुरवतात. हे आच्छादन गेले, तर पावसाळ्यात माती वाहून जाते व उन्हाळ्यात झरे आटतात.

यास्तव भाविकांनी व डोंगरयात्रींनी पुढील पथ्ये कटाक्षाने पाळावीत, ही नम्र विनंती :

१) निर्माल्य व प्लास्टिक कुंडात, झऱ्यात वा नदीत टाकू नये.
२) मळलेली वाट सोडून गवत तुडवू नये, झाडे तोडू नयेत, वणवा लागेल असे काही करू नये.
३) पावसाळ्यात कड्याच्या टोकाशी जाऊ नये व दरडीखाली वाहन थांबवू नये.

उगमाजवळ राखलेली स्वच्छता खालच्या प्रत्येक गावाच्या घागरीपर्यंत पोहोचते. तीर्थाची खरी सेवा हीच होय.