एक स्नायू ऐकतो, दुसरा ऐकत नाही: गुदक्रीडेची पहिली ओळख

सेंगकांगमधल्या औषधांच्या दुकानात कंडोमच्या शेजारीच ल्यूबच्या, म्हणजे वंगणाच्या ट्यूबा मांडलेल्या असतात. विकत घेताना कुणी भुवई उंचावत नाही. ती ट्यूब कशासाठी आणि कशी वापरायची, हे मराठीत विचारायचं तर मात्र जीभ अडते. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात अशा विषयांवर सरळ मराठीत लिहीत होते आणि त्यापायी कोर्टाची पायरीही चढत होते. आपल्याला निदान तेवढी किंमत मोजावी लागत नाही, तेव्हा आजचा विषय थेट घेऊ.

गुदक्रीडा म्हणजे बोट, खेळणं किंवा शिस्न वापरून गुदद्वाराशी केलेली लैंगिक क्रीडा. ती करायलाच हवी असं अजिबात नाही. अनेकांना ती आवडते, अनेकांना नाही. करायची असेल तर आधी शरीर समजून घ्या.

गुदनलिका जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांब असते. तिच्याभोवती स्नायूंची दोन कडी आहेत. बाहेरचं कडं तुमचं ऐकतं: आवळा म्हटलं की आवळतं, सैल सोड म्हटलं की सोडतं. आतलं कडं ऐकत नाही. ते तुम्ही झोपलेले असतानाही आवळलेलं असतं आणि त्याचा कारभार स्वायत्त मज्जासंस्थेकडे असतो. भीती वाटली, ताण आला की हीच यंत्रणा ते आणखी घट्ट करते. त्यात दुखलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही आखडतात आणि मग जास्त दुखतं. म्हणजे घाई, जबरदस्ती किंवा ‘थोडं सहन कर’ हा आग्रह नुसता असभ्य नाही, तो शरीरशास्त्राच्याही विरुद्ध आहे. जो माणूस मनातून तयार नाही, त्याचं आतलं कडंही तयार नसतं.

याच कारणासाठी बधिर करणारं मलम वापरू नका. गुदनलिकेच्या खालच्या भागात वेदना जाणवणाऱ्या नसांची दाटी असते. वर गुदाशयात ती जाणीव बोथट होते. खालचा पहारेकरी झोपवला तर वर काय फाटतंय ते कळणार कसं? दारूचंही तेच.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. योनी उत्तेजित झाल्यावर स्वतःहून ओलसर होते, तसं इथे होत नाही. वंगण लागतंच, आणि वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त लागतं. आपल्या घरात हात आधी खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. पण तेल लॅटेक्सच्या कंडोमला कमकुवत करतं आणि तो फाटू शकतो. कंडोमसोबत पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण घ्या. खेळणं सिलिकॉनचं असेल तर त्यावर पाण्याचंच बरं.

सुरुवात एका बोटाने करा. नखं कापलेली, हात धुतलेले. हातमोजा घातलात तर उत्तमच. (मिरच्या चिरल्या असतील तर त्या दिवशी राहू द्या. मिरचीची आग ओळखणाऱ्या नसा तिथेही आहेत, ठेचा आवडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) कुशीवर झोपणं बहुतेकांना सोयीचं पडतं. बाहेरूनच हलकं चोळत राहा, बोट टेकवून थांबा. ज्याच्या शरीरात बोट जाणार आहे त्याने सावकाश श्वास सोडावा, शौचाला होताना लावतो तसा किंचित जोर लावावा. त्याने बाहेरचं कडं सैल पडतं. पुढे कधी सरकायचं हे त्यानेच ठरवायचं. मिनिटभर ताण स्थिर राहिला की आतलं कडंही हळूहळू ढिलं होतं. पहिल्या दिवशी एवढ्यावरच थांबलात तरी काही बिघडत नाही. टोचणारं दुखलं तर तिथेच थांबा.

स्वच्छतेची धास्ती अनावश्यक असते. पोट साफ झालेलं असलं आणि बाहेरून पाण्याने धुतलं की सहसा पुरतं. साबणाचं पाणी आत घालू नका, आतलं नाजूक अस्तर चिडतं. तिथे गेलेलं बोट किंवा शिस्न न धुता, कंडोम न बदलता योनीकडे नेऊ नका. खेळण्याचा बुंधा रुंद हवा, नाहीतर ते वर सरकून अडकतं. मूळव्याध चिघळली असेल किंवा चीर पडली असेल तर आधी ती बरी होऊ द्या.

कंडोम गर्भासाठी नव्हे, संसर्गासाठी. एचआयव्ही असलेल्या आणि औषध न घेणाऱ्या जोडीदाराकडून कंडोमशिवाय गुदसंभोग स्वीकारल्यास लागणीचा अंदाज १०,००० वेळांमागे सुमारे १३८ इतका आहे. योनीमार्गे तो सुमारे ८ आहे. अस्तर पातळ असल्याचा हा परिणाम. धोका पत्करला गेलाच असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा, प्रतिबंधक औषध तेवढ्यातच सुरू करावं लागतं.

आता संमती. सिंगापूरच्या दंडसंहितेतलं कलम ३७७ संसदेने २००७ मध्ये काढलं. तोवर नवरा-बायकोमधला गुदसंभोगही इथे गुन्हा होता. पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७अ जानेवारी २०२३ मध्ये गेलं. भारतात हा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला लागला. पण कायद्याने मोकळीक दिली म्हणजे जोडीदाराने दिली असं नव्हे. १ जानेवारी २०२० पासून सिंगापूरमध्ये लग्न झालेलं असणं हा बलात्काराच्या आरोपावरचा बचाव उरलेला नाही, आणि बळजबरीचा गुदसंभोगही त्याच व्याख्येत येतो. भारतात विवाहाची ती सूट कायम आहे. तिथून आलेल्या बऱ्याच जणांना हा फरक माहीत नसतो.

तुमच्या घरात एकाचा डिपेंडंट पास दुसऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असेल, तर ‘हो’ किती मोकळेपणाने आलंय हे नोकरी असणाऱ्याने जास्त काळजीने पाहायला हवं. विषय बिछान्यात नको, जेवण झाल्यावर भांडी आवरताना काढा. ‘बघू’ आलं तर ते ‘नाही’ समजा. मागच्या वेळचं ‘हो’ या वेळी चालत नाही, आणि मध्येच ‘थांब’ आलं तर कारण विचारण्याआधी थांबायचं.

नंतर पुसताना रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर काही दिवस विश्रांती द्या. रक्त थांबत नसेल, पोटात जोराचं दुखत असेल, ताप आला असेल किंवा आत काही अडकलं असेल तर घरी खटपट न करता सेंगकांग जनरल हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा. संसर्गाच्या तपासणीसाठी डीएससी क्लिनिक आहे. काय झालं ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. ‘बाथरूममध्ये घसरलो’ ही गोष्ट त्यांनी पुष्कळदा ऐकलेली असते आणि तिच्यात वेळ फुकट जातो.