अरण्यातील रातबगळा : एका नोंदीची कथा

बगळा म्हटला की भाताच्या खाचरात अथवा तळ्याकाठी निश्चल उभा असलेला शुभ्र पक्षी डोळ्यांपुढे येतो. परंतु याच कुळातील एक पक्षी उघड्या पाणथळ जागा टाळून दाट अरण्यातील ओहोळांच्या काठी राहतो, आणि संध्याछाया पसरू लागल्यावर भक्ष्याच्या शोधात निघतो. मलायी रातबगळा हा तो पक्षी होय. शास्त्राला त्याची ओळख होऊन दोनशे वर्षे उलटली. तथापि अनुभवी पक्षिनिरीक्षकांनाही त्याचे दर्शन क्वचितच घडते.

पहिली नोंद

या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन सर स्टॅम्फर्ड रॅफल्स यांनी केले. सिंगापूरचे संस्थापक म्हणून प्रसिद्ध असलेले रॅफल्स त्या काळी सुमात्रा बेटावरील बेंकूलेन येथे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी होते. सुमात्रातील प्राण्यांची त्यांनी तयार केलेली वर्णनात्मक सूची लंडनच्या लिनियन सोसायटीने १८२२ साली प्रसिद्ध केली. तीत या पक्ष्याला ‘आर्डिया मेलॅनोलोफा’, म्हणजे काळ्या तुऱ्याचा बगळा, असे नाव देण्यात आले. पुढे त्याचा समावेश ‘गोर्साकियस’ या प्रजातीत झाला. हे नाव ‘गोई-सागी’ या रातबगळ्याच्या जपानी नावावरून आले आहे.

फेब्रुवारी १८२४ मध्ये रॅफल्स ‘फेम’ या जहाजाने मायदेशी निघाले. त्याच दिवशी जहाजाला आग लागली. प्रवासी बचावले, पण रॅफल्स यांनी बरोबर घेतलेले नमुने, चित्रे व हस्तलिखिते भस्मसात झाली. वेळीच छापून निघालेली सूची मात्र अभ्यासकांच्या हाती राहिली.

रूप आणि सवयी

सुमारे अर्धा मीटर लांबीचा हा पक्षी तांबूस-तपकिरी रंगाचा असून त्याच्या डोक्यावर काळा तुरा असतो. चोच आखूड व जाड असते. पिलू मोठे झाले तरी काही काळ राखी व ठिपकेदार दिसते. जुन्या इंग्रजी ग्रंथांत त्याला ‘मलाय बिटर्न’ अथवा ‘टायगर बिटर्न’ म्हटलेले आढळते.

गांडुळे हे त्याचे आवडते खाद्य. त्याशिवाय कीटक, गोगलगाई, बेडूक व सरडेही तो खातो. पालापाचोळ्यावरून तो दबकत चालतो. चाहूल लागताच मान उंचावून स्तब्ध उभा राहतो, आणि आसपासच्या रंगांत मिसळून जातो. विणीच्या काळात मात्र संध्याकाळी व रात्री घुबडासारखे खोल, संथ घुमणे ऐकू येते. त्यामुळे डोळ्यांपेक्षा कानांनीच त्याचा पत्ता लागतो.

मृत नमुन्यावरून रंग व आकार कळतो, सवयी कळत नाहीत. तैवानमध्ये हाच पक्षी शहरांतील उद्यानांतही राहू लागला आहे. तेथे हिरवळीवर गांडुळे टिपताना तो भरदिवसाही दिसतो. जंगलात दुर्मीळ असलेले हे दृश्य तेथील नागरिकांच्या परिचयाचे झाले आहे.

सह्याद्रीतील वास्तव्य

भारतात हा पक्षी ईशान्येकडील राज्ये, निकोबार बेटे आणि पश्चिम घाट येथे आढळतो. गोव्यापासून केरळपर्यंतची सदाहरित व निमसदाहरित अरण्ये हे त्याचे प्रमुख निवासस्थान होय. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या दिवसांत त्याची वीण होते. झाडावर काटक्यांचे साधे घरटे बांधून मादी पांढरी अंडी घालते. याच दिवसांत ओल्या मातीतील गांडुळे वर येतात व पिलांना अन्न मिळते. यावरून ओहोळकाठची दाट झाडी, ओलसर माती आणि कुजणारा पाला यांवर त्याचे जीवन किती अवलंबून आहे हे ध्यानात येते. काठावरील झाडी तुटली, तर ओहोळ वाहता राहूनही हा बगळा तेथे राहू शकणार नाही.

प्रत्येकाची नोंद मोलाची

जागतिक पातळीवर ही जाती आज संकटग्रस्त गणली जात नाही; परंतु लपून राहणाऱ्या पक्ष्याची संख्या घटली तरी ती सहजी कळत नाही. म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडावर वहाळाकाठी घुमणारा आवाज ऐकू आल्यास दिनांक, वेळ व ठिकाण टिपून ठेवावे. घरट्याजवळ जाण्याचा मोह मात्र टाळावा. रॅफल्स यांचा संग्रह जळाला, नोंद टिकली. आपल्या रानांत नोंदीबरोबर पक्षीही टिकावा, यासाठी वहाळाकाठची झाडी राखणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.