गच्चीवर पाणी साचते, काय करावे?

प्रश्न : गच्चीच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात डबके होते, खालच्या खोलीत ओल येते. वॉटरप्रूफिंगचा रंग दोनदा लावून झाला.

उत्तर : रंगाचा तिसरा हात देण्याआधी उतार तपासावा. कोरड्या दिवशी चार-पाच बादल्या पाणी ओतावे आणि अर्ध्या तासाने उरलेल्या डबक्याभोवती खडूने रेघ मारावी. पाइपाच्या तोंडाकडे 10 फुटांना सुमारे सव्वा इंच उतार हवा.

डबके उथळ असेल, तर पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने खोलगटपणा भरता येतो. उतारच उलटा असेल, तर जुना कोबा काढून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा घालणे भाग आहे. खर्च वाचवण्यासाठी जुन्यावरच थर चढवतात, ते मात्र कटाक्षाने टाळावे. इंचभर मॉर्टरचे ओझे दर चौरस मीटरला 50 किलोच्या आसपास भरते आणि ते स्लॅबला कायमचे पेलावे लागते.

मग पाइप. तासाला 100 मिमी पाऊस धरला, तर 100 मिमी व्यासाचा पाइप साधारण 40 चौरस मीटर गच्चीचेच पाणी नेतो. गच्ची मोठी असल्यास दुसरा पाइप हवाच. तोंडावर सपाट जाळीऐवजी घुमटाकार जाळी बसवावी. सपाट जाळी पिंपळाच्या दोन पानांनीही बंद होते.